आरव्हीतला इन्व्हर्टर: कधी चालू ठेवायचा, कधी बंद?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथे आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून थेट विचारते.

आम्ही डॅलसजवळ राहतो. यंदा एक वापरलेली क्लास सी (मध्यम आकाराची आरव्ही) घेतली. तिच्यात ४००० वॅटचा जनरेटर, छतावर २०० वॅटचं सोलर पॅनेल आणि सहा-सहा व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या (जोडून १२ व्होल्ट, २२५ अँपिअर-अवर) आहेत. शिवाय आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजातून २००० वॅटचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्टची घरच्यासारखी १२० व्होल्ट वीज करणारा डबा) बसवून घेतलाय. सप्टेंबरात नाशिकहून आई-बाबा येताहेत. त्यांना घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचंय. आधी मॅडिसन कॅम्पग्राउंड, मग शेवटी फिशिंग ब्रिज. मॅडिसनला हुकअप (गाडीला वीज-पाणी जोडायची सोय) नाहीत.

न्यायच्या गोष्टी: बाबांचं सीपॅप (झोपेत श्वास मोकळा ठेवणारं मशीन), आईचा मिक्सर (इथलाच, ११० व्होल्टचा), मायक्रोवेव्ह, इन्स्टंट पॉट, विजेची किटली, लॅपटॉप, फोन. घरधनी म्हणतात, "इन्व्हर्टर आहे ना, दिवसभर चालू ठेवू, काय ते एकेक बघत बसायचं!" मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगताही येत नाहीये. इन्व्हर्टरसोबतच्या कागदावर फक्त एवढंच की लोड २००० वॅटच्या वर नको.

तर इन्व्हर्टर नक्की कधी लावायचा आणि कधी नाही?

बे_एरियाचा_बंड्या

सोपं आहे. त्या गोल्फ कार्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या काढ, लिथियम टाक, आणि इन्व्हर्टर चालू करून विसरून जा. आमचा २४ तास चालू असतो. घर म्हणजे घर, बटणं कसली दाबत बसायची.

मोकळी_वाट

बंड्या, तुझं नेहमीचंच. तिच्या हातात जे आहे त्यावर बोल की.

गोदाकाठ, आम्ही दोघं निवृत्तीनंतर वर्षातला बराच काळ गाडीतच असतो. आमचा सरळ हिशोब सांगते. जे यंत्र वस्तू तापवतं, ते इन्व्हर्टरवर नको. जे फिरवतं, उजेड देतं किंवा स्क्रीन चालवतं, ते चालेल, पण काम झालं की इन्व्हर्टर बंद. तापवायला गाडीत प्रोपेन आहे. स्टोव्ह, गीझर, फर्नेस (गाडी उबदार ठेवणारा हीटर), फ्रिज सगळं गॅसवर चालतं, मग बॅटरीला कशाला छळायचं?

तुमच्या यादीत किटली घरीच ठेवा. मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट जनरेटरच्या वेळात. मिक्सर खुशाल इन्व्हर्टरवर.

गोदाकाठ

मिक्सर चालेल आणि किटली नाही? मिक्सरचा तर केवढा आवाज असतो!

वीजतंत्री

आवाजावर जाऊ नका. दोन गोष्टी बघायच्या: किती वॅट आणि किती वेळ.

१२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टर चालवताना ढोबळ नियम असा की वॅटला दहाने भागा, तेवढे अँपिअर बॅटरीतून जातात. खरं तर १२ ने भागायला हवं, पण इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो, म्हणून दहा. ५५० वॅटचा मिक्सर म्हणजे ५५ अँपिअर. चटणी मिनिटभरात होते, म्हणजे एक अँपिअर-अवरसुद्धा (एक अँपिअर तासभर) गेला नाही. किटली १५०० वॅटची, म्हणजे १५० अँपिअर, आणि लिटरभर पाणी उकळायला पाचेक मिनिटं. एका वेळेचे दहा-बारा अँपिअर-अवर. चार माणसांचा दिवसातून तीनदा चहा लावून बघा.

तुमच्या बॅटऱ्या २२५ च्या. लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली नेऊ नये, नाहीतर त्यांचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी ११० च्या आसपास. शिवाय तो २२५ चा आकडा वीस तासांत सावकाश काढण्यासाठी दिलेला असतो. एकदम १५० अँपिअर ओढले तर तेवढेही मिळत नाहीत, आणि व्होल्टेज इतकं खाली बसतं की बॅटरी अर्धी भरलेली असतानाही इन्व्हर्टर कुईकुई करून बंद पडतो.

त्या कागदावरचा २००० वॅटचा आकडा इन्व्हर्टरची ताकद सांगतो. बॅटरीत किती आहे याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

मायक्रोवेव्हबद्दलही एक: दारावर १००० वॅट लिहिलेलं असतं ती अन्नाला मिळणारी शक्ती. भिंतीतून तो १५०० च्या आसपास ओढतो. मागची पट्टी वाचा.

चिंचवडचा_चिंतामणी

आरव्ही आपल्याकडे नाही, पण इन्व्हर्टर म्हटलं की आमचा हक्काचा विषय. लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी हेच तर होतं. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर, खाली १५० ची ट्यूब्युलर बॅटरी, दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर. चार पंखे, चार ट्यूबा, टीव्ही. गीझर इन्व्हर्टरच्या लाइनवर टाका असं म्हटलं असतं तर वायरमनने हात जोडले असते. त्याने घरात आधीच वेगळी लाइन ओढलेली असायची, कुठलं बटण त्या लाइनवर आणि कुठलं नाही हे त्याने ठरवलेलं. आपण फक्त पंखा लावायचो.

मला वाटतं गोदाकाठ यांच्या गाडीत ही लाइन कुणी वेगळी काढली आहे का, हाच पहिला प्रश्न आहे.

वीजतंत्री

चिंतामणी, अगदी वर्मावर बोट ठेवलंत.

गोदाकाठ, एक काम करा. गाडी घराच्या विजेपासून सोडवा, जनरेटर बंद, फ्रिजचं बटण ऑटोवर. आता इन्व्हर्टर चालू करा आणि सांगा: कुठकुठले सॉकेट जिवंत होतात? फ्रिजच्या पॅनेलवर कुठला दिवा लागतो? आणि सीटखाली किंवा ब्रेकर पॅनेलच्या मागे एखादा छोटा पंखा घरघरतो का?

ऱ्हाइनकाठ

वाचतोय. इकडे युरोपात चित्र जरा वेगळं. आमच्या मोटारहोममध्ये मुळात इन्व्हर्टर बहुतेकदा नसतोच, किंवा असला तर लॅपटॉपपुरता ३०० वॅटचा. फ्रिज तीन तऱ्हांचा: गाडी चालू असताना १२ व्होल्टवर, कॅम्पसाइटवर २३० वर, एरवी गॅसवर. कॅम्पसाइटची वीजसुद्धा कित्येक ठिकाणी ६ अँपिअरच, त्यामुळे किटली लावली की सगळं गुडुप. म्हणून इथले लोक कमी वॅटची किटली शोधून घेतात, आणि त्यावर पानंच्या पानं चर्चा करतात. ती चर्चा मी वाचली आहे, हलके घ्या.

गोदाकाठ

वीजतंत्री, तुम्ही सांगितलं तसं केलं. गाडीतले झाडून सगळे सॉकेट चालू झाले. मायक्रोवेव्हचं घड्याळ लुकलुकायला लागलं. फ्रिजवर आधी "गॅस" लिहिलेल्या ठिकाणी हिरवा दिवा होता, तो विझला आणि "एसी"चा, म्हणजे विजेचा, लागला. आणि हो, डायनेटच्या (जेवायच्या टेबलाच्या) सीटखाली पंखा घरघरतोय, जाळीवर हात ठेवला तर गरम हवा येते. बॅटरीचं व्होल्टेज १२.६ होतं, बघता बघता १२.२ झालं. आणि मी तर काहीच लावलं नव्हतं!

वीजतंत्री

मला हीच भीती होती. ज्याने हा इन्व्हर्टर बसवला त्याने आरव्हीची सगळी वीज जिथून येते त्या मुख्य तारेलाच तो स्विचमार्फत जोडलाय. म्हणजे गाडीला वाटतं आपण कॅम्पग्राउंडच्या खांबावरच्या विजेला लागलो आहोत. त्यातून तीन गोष्टी आपोआप सुरू होतात.

पहिली, कन्व्हर्टर. सीटखाली घरघरतोय तो. बाहेरची १२० व्होल्ट वीज घेऊन बॅटरी चार्ज करणं हे त्याचं काम. आता ती वीज बॅटरीतूनच येतेय. म्हणजे बॅटरी इन्व्हर्टरला देते, इन्व्हर्टर कन्व्हर्टरला, कन्व्हर्टर परत बॅटरीला, आणि प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णता होऊन जाते. तुमच्या हाताला लागलेली गरम हवा तीच.

दुसरी, फ्रिज. तुमचा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज (गॅसच्या किंवा विजेच्या उष्णतेवर चालणारा) ऑटोवर असला की १२० व्होल्ट दिसताच गॅस सोडून विजेवर जातो. त्याची कॉइल साधारण ३०० वॅटची, म्हणजे ३० अँपिअर, जवळजवळ अखंड. तुमच्या ११० चा निकाल साडेतीन-चार तासांत. तुमचे घरधनी दिवसभर चालू ठेवू म्हणत होते, ते जेवणाच्या आतच संपलं असतं.

तिसरी, पाण्याचा गीझर, जर त्याचं विजेचं बटण दाबलेलं असेल तर. तो १४४० वॅटचा असतो. बघून घ्या.

मोकळी_वाट

बाई गं. ही जोडणी फार ठिकाणी बघायला मिळते. विकताना "पूर्ण गाडी इन्व्हर्टरवर चालते" असं कौतुकाने सांगतात.

तोवर करायचं काय ते सांगते. इन्व्हर्टर चालू करण्याआधी: ब्रेकर पॅनेलमधला कन्व्हर्टरचा ब्रेकर खाली, फ्रिज ऑटोवरून गॅसवर, गीझरचं विजेचं बटण बंद, छतावरचा एसी बंद. मग इन्व्हर्टर. काम झालं की इन्व्हर्टर बंद आणि कन्व्हर्टरचा ब्रेकर परत वर. हा शेवटचा भाग विसरलात तर जनरेटर दोन तास चालवून बॅटरीत काहीच गेलं नाही असं होईल. आम्ही पॅनेलच्या दारावर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे. एका अमेरिकन शेजाऱ्याने विचारलं हा कुठला मंत्र.

बे_एरियाचा_बंड्या

ओके, हे बघितल्यावर मीही म्हणतो की २४ तास नको. पण मुद्दा सोडत नाही. नीट बसवलेला असेल तर चालू ठेवण्यात गैर काय? आमच्याकडे इन्व्हर्टर-चार्जर एकाच डब्यात आहे, बाहेरची वीज आली की तो स्वतःच बाजूला होतो आणि चार्ज करायला लागतो. मायक्रोवेव्ह आणि दोन-तीन सॉकेट एवढंच त्याच्या वेगळ्या पॅनेलवर. ४०० अँपिअर-अवर लिथियम. इन्स्टंट पॉटमध्ये राजमा केलाय आम्ही मोआबच्या वाळवंटात, जनरेटर न लावता.

वीजतंत्री

तुमचं बरोबर आहे, कारण तुमच्याकडे ४०० आहेत, त्यातले जवळपास सगळे वापरता येतात आणि जड लोडला व्होल्टेज बसत नाही. शिवाय घरगुती कंप्रेसरचा फ्रिज असेल तर इन्व्हर्टर चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, मोठ्या क्लास ए गाड्यांत तेच असतं.

पण २००० वॅटचा इन्व्हर्टर काही न लावता नुसता चालू असला तरी एक ते दोन अँपिअर खातो. दीड धरला तर २४ तासांत ३६. तुम्हाला ते खिजगणतीत नाही. गोदाकाठ यांच्या ११० मधून ३६ म्हणजे एक तृतीयांश गेला, फोनसुद्धा चार्ज न करता.

आणि तुमच्या ४०० मध्ये गेलेलं परत कुठून येतं? मोआबच्या उन्हात पॅनेल देतं. मॅडिसनला लॉजपोल पाइनची दाट सावली आहे. २०० वॅटचं पॅनेल मोकळ्या उन्हात दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-अवर देईल, झाडाखाली त्याचा काही भरवसा नाही. मोठी बॅटरी रिकामी व्हायला वेळ लागतो, तशीच भरायलाही लागतो.

चिंचवडचा_चिंतामणी

एक शंका. बॅटरी फार खाली गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो ना? घरचा तरी व्हायचा. मग बॅटरीचं नुकसान कसं?

वीजतंत्री

बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद होतात. तेवढ्याने लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य वाचत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी थोडा वेळ स्वस्थ ठेवून १२.१ च्या आसपास दाखवायला लागली की ती निम्म्यावर आली. साडेदहाला हलक्या लोडवर पोचलात तर ती कधीच संपली. म्हणून इन्व्हर्टरच्या शिट्टीची वाट बघू नये.

गोदाकाठ

बापरे. मग रात्रीचं काय? बाबांचं सीपॅप रात्रभर लागतं. त्यासाठी तरी इन्व्हर्टर रात्रभर ठेवावा लागेल ना?

माईंची_लेक

माझे वडील सीपॅप वापरतात म्हणून लिहिते. त्यांच्या मशीनसाठी कंपनीचीच १२ व्होल्टची केबल मिळते, गाडीच्या सॉकेटमध्ये जाणारी. ती घ्या. इन्व्हर्टर लागतच नाही. मशीनच्या मॉडेलप्रमाणे केबल वेगळी असते, त्यामुळे बाबांना मशीनखालच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा, आणि केबल ते यायच्या आत मागवून घरी एकदा लावून बघा.

दुसरं म्हणजे ह्युमिडिफायर आणि गरम नळी. सगळी वीज तेच खातात. ते बंद ठेवले तर मशीन फारच थोडक्यात चालतं. पण बंद ठेवायचं का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. यलोस्टोनची हवा कोरडी आणि थंड असते, आमच्या बाबांचा घसा धरला होता.

मोकळी_वाट

माईंची_लेक +१. १२ व्होल्टवर जे थेट चालतं त्यासाठी इन्व्हर्टर लावूच नये. फोन, टॅबलेट, कॅमेरा, सगळं यूएसबीवर. लॅपटॉपलासुद्धा हल्ली १२ व्होल्टच्या सॉकेटात बसणारा यूएसबी-सी चार्जर मिळतो. १२ चे १२० करायचे आणि चार्जरने परत २० करायचे, दोन्हीकडे गळती.

आता मुख्य गोष्ट, जी कुणीच बोललं नाही. सप्टेंबरात मॅडिसनला रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. जागा ६८०० फुटांवर आहे. आई-बाबा नाशिकचे! फर्नेस रात्रभर लागणार. फर्नेस गॅसवर असली तरी तिचा पंखा १२ व्होल्टवर, चालू असताना सात-आठ अँपिअर. रात्रीतून निम्मा वेळ चालली तरी तीसेक अँपिअर-अवर गेले. त्यावर सीपॅपचे पंधरा-वीस, आणि फ्रिजचं सर्किट, गॅस डिटेक्टर, एखादा दिवा यांचे दहा. साठ झाले.

म्हणजे संध्याकाळी बॅटरी भरलेली हवी. दुपारी मायक्रोवेव्हमध्ये पुलाव गरम करून ती रिकामी करायची, आणि पहाटे तीनला कुडकुडायचं, हा खरा सौदा आहे.

वीजतंत्री

यात भर. बॅटरी खाली गेली की फर्नेस एकदम मरत नाही, ती फसवते. आत एक पातळ पात असते, पंख्याच्या वाऱ्याने ती ढकलली गेली तरच पुढे गॅस पेटतो. व्होल्टेज कमी झालं की पंखा फिरतो पण मंद, पात पूर्ण सरकत नाही, आणि ज्वाला लागतच नाही. पंखा गार हवा फेकत राहतो आणि उरलीसुरली बॅटरीही खातो. लोकांना वाटतं गॅस संपला. अंधारात टाकी बघायला बाहेर जातात, अस्वलांच्या देशात.

सातपुड्याचा_वारा

अवांतर: यलोस्टोनला पोहे करायचे असतील तर गॅसवरच करा, आणि फोडणीच्या वेळी छतावरचा पंखा लावा. धूर ओळखणारा अलार्म मिरचीच्या ठसक्याला आग समजतो. अवांतर समाप्त, पळतो.

गोदाकाठ

वारा, आईला वाचून दाखवलं, तिने ठसक्याची जबाबदारी घेतली आहे.

आता जनरेटर कधी लावायचा? कॅम्पग्राउंडमध्ये वेळा असतात ना?

मोकळी_वाट

यलोस्टोनमध्ये रात्री ८ ते सकाळी ८ जनरेटर बंद. काही छोट्या कॅम्पग्राउंडना तर जनरेटरला पूर्ण बंदी आहे, मॅडिसनला चालतो.

आमचा दिवस असा असतो. सकाळचा चहा गॅसवर, आठच्या आत. आठ वाजले की जनरेटर, आणि त्याच वेळात जे जे विजेवर तापवायचं ते सगळं उरकायचं: इन्स्टंट पॉटमध्ये दुपारचा वरणभात, मायक्रोवेव्ह, आंघोळीनंतर केस वाळवणं. तेवढ्यात कन्व्हर्टर बॅटरी भरत असतो. मग जनरेटर बंद करून फिरायला जायचं. संध्याकाळी साडेसहा ते आठ परत. या दोन खिडक्यांत स्वयंपाक बसवला की इन्व्हर्टर लागतोच कशाला! चटणीला आणि कधी दुपारी लॅपटॉपला, बस.

म्हणून मी म्हणते, जनरेटर नीट वेळेवर लावणाऱ्याला इन्व्हर्टर फारसा लागत नाही.

वीजतंत्री

सहमत, दोन पुस्त्या जोडतो.

एक, लेड-अ‍ॅसिड बॅटरी सुरुवातीला भराभर घेते, ऐंशी टक्क्यांनंतर रांगते. त्यामुळे जनरेटरच्या दोन तासांत ऐंशीपर्यंत पोचाल, शंभर करायला अख्खा दिवस लागेल. ते काम सोलरवर सोडा, किंवा फिशिंग ब्रिजला गेल्यावर तिथल्या विजेवर.

दोन, उंची. जनरेटरची ताकद दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के घटते. मॅडिसनला तुमचा ४००० चा जनरेटर ३००० च्या थोडा वर उरेल. मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकत्र, वर कन्व्हर्टर, असं केलंत तर ओढग्रस्त होईल. एकामागून एक करा.

आणि क्लास सीमध्ये जनरेटर बहुधा गाडीच्याच पेट्रोल टाकीवर चालतो. टाकी पाव भागाच्या खाली गेली की तो मुद्दामच बंद पडतो, म्हणजे परतायला इंधन उरावं. मॅडिसनला जायच्या आधी वेस्ट यलोस्टोनला टाकी भरून घ्या. जनरेटर चालू असताना त्याच्या धुराच्या बाजूची खिडकी उघडू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का ते निघण्याआधी बघा.

बे_एरियाचा_बंड्या

जनरेटरच्या आवाजात सकाळी यलोस्टोन! शेजारी काय म्हणत असतील. इन्व्हर्टरची खरी किंमत ही शांतता आहे राव. पाच मिनिटं मायक्रोवेव्हसाठी जनरेटर सुरू करणारे लोक मला कळत नाहीत.

मोकळी_वाट

हे मात्र मान्य. दुपारी मुलाचं दूध दोन मिनिटं गरम करायचंय, बाहेर सगळे झोपलेत, तिथे इन्व्हर्टर लावायचा. दोन मिनिटांचे पाच अँपिअर-अवर, चालतात. फक्त बॅटरी तेव्हा भरलेली हवी. तिच्या गोल्फ कार्टवाल्या १५० अँपिअर दोन मिनिटं झेलतील, रात्री अर्ध्यावर असताना नाही.

गोदाकाठ

आणि गाडी चालवताना? डॅलसहून लांबचा पल्ला आहे. मागे बसून आई सिनेमा बघणार.

वीजतंत्री

गाडी चालू असताना इन्व्हर्टर लावायला उत्तम वेळ, कारण आल्टरनेटर बॅटरी भरत असतो. लॅपटॉप, टीव्ही बिनधास्त. काही जण गॅस बंद ठेवून फ्रिजही इन्व्हर्टरवर चालवतात, ३० अँपिअर आल्टरनेटर साधारण पुरवतो. मला ते पटतं, कारण पेट्रोल पंपावर गॅसची ज्वाला नकोच. पण चार-पाच तासांचा पल्ला असेल तर फ्रिज नुसता बंद ठेवून दार न उघडता नेला तरी आतलं गार राहतं. दुधाच्या पिशवीसाठी कुणी सारखं उघडणार नसेल तर.

छतावरचा एसी मात्र नाही. तो १५०० वॅटच्या घरात ओढतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका देतो. टेक्सासच्या उन्हात वाटेत लागलाच तर जनरेटर.

ऱ्हाइनकाठ

एक प्रश्न सर्वांना. स्वस्त इन्व्हर्टर मॉडिफाइड साइन वेव्हचे असतात, म्हणजे त्यांच्या विजेची लहर घरच्यासारखी (प्युअर साइन) गुळगुळीत नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. गोदाकाठ यांचा कुठला आहे? मायक्रोवेव्ह त्यावर घुमतो आणि नीट तापवत नाही, मिक्सरची मोटर गरम होते, आणि सीपॅपच्या ह्युमिडिफायरला तर कंपन्याच नको म्हणतात.

गोदाकाठ

डब्यावर "प्युअर साइन" लिहिलंय. तेवढं तरी नशीब.

आज इथल्या एका आरव्ही इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली. तो म्हणाला वीजतंत्रींनी लिहिलंय तेच. मायक्रोवेव्ह आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरचे दोन सॉकेट एवढेच वेगळ्या छोट्या पॅनेलवर काढतो, बाकी सगळं खांबाच्या विजेवर आणि जनरेटरवर, मध्ये ट्रान्सफर स्विच (वीज कुठून घ्यायची ते बदलणारा). शिवाय त्याने इन्व्हर्टरकडे जाणारी तार बघून डोळे मोठे केले. तार बारीक आहे, बॅटरीपासून बरीच लांब ओढली आहे, आणि फ्यूजच नाही.

वीजतंत्री

फ्यूज नाही हे वाचून माझेही मोठे झाले. २००० वॅटला दोनशे अँपिअर वाहतात, वेल्डिंगसारखं काम आहे ते. तार जाड हवी, अंगठ्याएवढी म्हटलं तरी चालेल, लांबी शक्य तितकी कमी, आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. इन्व्हर्टर बॅटरीजवळ हवा पण तिच्याच खणात नको, लेड-अ‍ॅसिडमधून निघणारा वायू पेट घेऊ शकतो. हे होईपर्यंत त्या इन्व्हर्टरवर मिक्सरसुद्धा नको. लॅपटॉप एवढंच.

आणि त्याला सांगून बॅटरीच्या ऋण तारेवर शंट बसवून घ्या. बॅटरीत किती आलं किती गेलं हे टक्क्यांत दिसतं. व्होल्टेज बघून अंदाज करणं लोड चालू असताना कामाचं नाही.

चिंचवडचा_चिंतामणी

शंट म्हणजे बॅटरीचं पासबुक. घ्याच.

गोदाकाठ

दोन्ही करतोय. पुढच्या आठवड्यात गाडी मिळेल. मग घरासमोर, वीज काढून, एक रात्र झोपून बघणार आहोत, फर्नेस आणि सीपॅप दोन्ही लावून. डॅलसच्या ऑगस्टात फर्नेस लावायची म्हणजे शेजारी वेड्यात काढतील.

घरधन्यांना धागा वाचायला दिला. ते म्हणतात मग २००० चा इन्व्हर्टर असून उपयोग काय, चटणीला?

मोकळी_वाट

त्यांना म्हणावं, हो. आणि दुपारच्या दोन मिनिटांच्या दुधाला, आणि प्रवासात आईच्या सिनेमाला.

फर्नेसऐवजी नुसता तिचा पंखा लावून बघता येतो. काही थर्मोस्टॅटवर फर्नेस-फॅन वेगळा असतो, नसेल तर रात्री दारं उघडी टाकून करा.

गोदाकाठ

शेवटचं एक. फिशिंग ब्रिजला पोचलो, खांबाला केबल लावली. तेव्हा इन्व्हर्टरचं काय?

वीजतंत्री

आधी इन्व्हर्टर बंद, मग खांबावरचा ब्रेकर बंद आहे ना ते बघून केबल, मग ब्रेकर चालू. कन्व्हर्टरचा ब्रेकर वर आहे याची खात्री करा. फ्रिज ऑटोवर टाका, गीझर विजेवर टाका, गॅस वाचेल. तिथे हवं तर किटली, मायक्रोवेव्ह, इन्स्टंट पॉट सगळं लावा, फक्त ३० अँपिअरच्या खांबावर तीनही एकत्र नको, ब्रेकर उडेल. इन्व्हर्टरला तिथून निघेपर्यंत सुट्टी.

बे_एरियाचा_बंड्या

आणि परत आल्यावर लिथियमचा धागा मी काढतो.

मोकळी_वाट

त्यात आधी हे लिही की शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते. मॅडिसनच्या पहाटे आठला जनरेटर लावलास तर तुझी बॅटरी थंडीने चार्ज घ्यायलाच नकार देईल.

बे_एरियाचा_बंड्या

माझ्या बॅटरीत हीटर आहे.

वीजतंत्री

आणि तो कशावर चालतो?